स्टेबल आहेत

मी इंग्रजी शिकवते हा काही माझा गुन्हा नाही. पण आमच्या माणसांना ते पटत नाही. घरात कुणाच्या हाताला इंग्रजी अक्षर लागलं की ते थेट माझ्याकडं येतं. मग ते औषधाच्या बाटलीवरचं असो, मोबाईलवर आलेलं असो, नाहीतर भाच्याच्या टीशर्टवर छातीपाशी लिहिलेलं असो. माझा भाऊ रुद्रेश मुरुमच्या बाजारात आडत चालवतो. समोरच्याचं तोंड बघून तुरीचा भाव ओळखणारा माणूस, पण फवारणीच्या डब्यावर काय लिहिलंय ते विचारायला उमरग्याला मला फोन करतो. मी आधी चिडते, मग सांगते. वर्षानुवर्षं असंच चाललंय.

त्यामुळं आमच्या अव्वाला, म्हणजे आईला, उमरग्याच्या दवाखान्यात आणलं आणि डॉक्टर पहिल्यांदा बाहेर येऊन "पेशंट स्टेबल आहेत" म्हणाले, तेव्हा सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. डॉक्टरकडं कुणी बघेचना.

"म्हंजे काय गं?" अप्पांनी विचारलं. अप्पा म्हणजे माझे वडील, कल्याणप्पा. ऐंशीला टेकलेत.

"स्थिर आहे," मी म्हणाले. "जशी आहे तशी आहे. बिघडलेली नाही."

"मंग सुधारली?"

"तसंही नाही."

"मंग सांगितलं काय त्येनं?"

मी डॉक्टरांना विचारायला वळले. डॉक्टर तोवर निघून गेले होते.

अव्वा सकाळी लिंगपूजेला बसली असताना कलंडली. डाव्या तळहातावर लिंग, समोर विभूती, पाण्याचा गडवा, आणि ती एका अंगावर गेली. मेंदूत रक्त साकळलं होतं. अप्पा देवघरात आले तेव्हा तिची मूठ घट्ट मिटलेली होती आणि लिंग मुठीत होतं. पडताना तिनं तोंड आपटून घेतलं, पण लिंग जमिनीला लागू दिलं नाही. अप्पा हे येईल त्या माणसाला सांगत होते. तिला काय झालं ते कमी आणि हे जास्त.

दवाखान्यात आणल्यावर स्कॅनला नेताना तिच्या अंगावरचं सगळं उतरवलं. मंगळसूत्र, कुड्या, पाटल्या आणि अप्पांनी लिंग परत आत घालून गळ्यात अडकवलेली चांदीची डबी, दोऱ्यासकट. सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून रुद्रेशच्या हातात दिलं. त्यानं ती खिशात कोंबली. धावपळीत त्याच्याही लक्षात आलं नाही. मग पाटल्या नीट आहेत का बघायला त्यानं पिशवी बाहेर काढली आणि अप्पांना डबी दिसली.

आम्ही लिंगायत. आमच्यात लिंग अंगावरून उतरत नाही. लेकरू जन्मलं की गळ्यात बांधायचं आणि माणूस गेला की त्याच्या डाव्या हातात देऊन बरोबरच मातीत पाठवायचं. आमच्या पिढीत सगळे पाळतात असं मी म्हणणार नाही. माझंच लिंग कपाटात असतं, शाळेत दोरा टोचतो म्हणून. पण अव्वाचं कधी उतरलं नव्हतं. आंघोळीला नाही, तापात नाही. मला जन्म देताना सुईणीनं "ते काढ बाई" म्हटलं तर अव्वानं तिलाच बाहेर काढलं, असं अप्पा सांगतात. लिंगाला पाणी घातल्याशिवाय ती चहाचा घोट घेत नसे. पाव्हण्यांकडं गेली तरी, लग्नाच्या गडबडीत असली तरी.

अप्पांनी त्या पिशवीतून डबी अशी काढली की रुद्रेश दोन पावलं मागं सरला.  अप्पांनी उपरण्याचं टोक डाव्या हातावर घेतलं, त्यावर डबी ठेवली आणि बसले. आता ती ठेवायची कुठं? जमिनीवर ठेवायची नाही. ज्या बाकड्यावर लोक बसतात तिथं ठेवायची नाही. अप्पांच्या गळ्यात त्यांचं स्वतःचं आहे, दुसऱ्याचं घालायचं नाही. खिशात तर नाहीच. राहिला हात. तेव्हापासून अव्वाचा देव अप्पांच्या हातात.

"तिच्या अंगावर लिंग गेल्याशिवाय मी जेवणार न्हाय," त्यांनी जाहीर केलं. "ती उपाशी पडलीय. तिला पूजा न्हाय, मला कशाचं जेवण?"

"अप्पा, तुम्हाला शुगर आहे," मी म्हणाले.

"हाय तर हाय."

दूध घ्यायला कसेबसे तयार झाले. तेही उजव्या हातानं. माझं डोकं फिरलं होतं. आत आई, बाहेर हा हट्टी म्हातारा, आणि मधल्या दारावर पाटी, भेटायची वेळ सकाळी आणि संध्याकाळी, चप्पल बाहेर काढा.

*

त्या दारातून बाहेर येणारी पोरगी माझीच विद्यार्थिनी निघाली. दैवशाला. आता दैवशाला सिस्टर. मला बघून तिनं तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि पाया पडायला वाकली.

"मॅडम, तुमच्या नववीच्या वर्गात होते मी. खिडकीपाशी."

"अव्वा कशीये गं?"

"स्टेबल आहेत मॅडम." आणि मग हसून म्हणाली, "हा शब्द तर तुम्हीच शिकवला. घोड्याचा तबेला आणि ते."

खरं आहे. नववीला हा शब्द आला की मी खुशीत येते. मुलं जांभया देत असतात, तेव्हा मी फळ्यावर मोठ्ठं लिहिते आणि विचारते, तबेल्यालाही स्टेबल आणि न डगमगणाऱ्या खुर्चीलाही स्टेबल, असं का? मग त्यांना लॅटिनमध्ये नेते. उभं राहणं या एका क्रियापदातून दोन्ही आले. जिथं जनावर उभं राहतं ती जागा, आणि जे उभं राहू शकतं ते. तिथून संस्कृतात आणते. आपला स्थिर, आपला स्थावर, आपलं स्थान, पोलिसांचं ठाणं, सगळी त्याच मुळाची पिलावळ. आणि शेवटी हुकमाचा पत्ता काढते. तुमचे आजे-पणजे निजामाच्या राज्यात घोड्याच्या पागेला काय म्हणायचे? अस्तबल. तोही हाच. अरबांनी तिकडून उचलला, आपल्याकडं उर्दूतून आला. एकच शब्द, एक समुद्रातून गोऱ्याबरोबर आला आणि एक घोड्यावर बसून हैदराबादकडून. वर्गात कुणीतरी घोड्यासारखं खिंकाळतं आणि तास संपतो.

लई आवडता तास होता तो माझा. पुढच्या वर्षी कसा घ्यायचा ते मला माहीत नाही.

अप्पांनाही मी हे सगळं सांगितलं. बाकड्यावर बसून दुसरं करणार काय? ते रोज विचारायचे आणि रोज "स्थिर आहे" म्हणून माझंच तोंड आंबलं होतं. मग एका दुपारी म्हटलं, घ्या, मुळापासून ऐका. अस्तबल म्हटल्यावर त्यांचे डोळे जरा चमकले.

"अस्तबल म्हाईत हाय की. आमच्या वडलांकडं घोडी होती, बाजाराला जायाला." ते दारावरच्या पाटीकडं बघत होते. "घोडं उभ्यानं झोपतंय, म्हाईत हाय का? घडीभर आडवं झालं तर ठीक. पर दिवसभर आडवं पडलं का मालकाला धडकी भरायची. समदे मिळून त्येला उठवायचे. पोटाखाली दोर घालून उठवायचे."

"हो का."

"तुझी अव्वा आडवी हाय." 

मी पदर सारखा केला.

"उभं राहणं म्हंजे ह्यो शब्द, असं तूच म्हणलीस. मंग आडव्या माणसाला कसा काय लावत्यात?"

"अप्पा, शब्द असाच असतो. मूळ एक असतं, वापर भलतीकडं जातो."

"आन् तू म्हणतीस स्थावर पन त्येच?"

"हो. त्याच मुळातला."

त्यांनी हातातल्या डबीकडं बघितलं. "स्थावर म्हंजे देवळातली पिंडी. एका जाग्याला. आपला देव तसा न्हाय. आपला देव माणसासंगं हिंडतो, बाजाराला येतो, शेतात येतो. ह्येंनी तिलाच स्थावर करून ठिवली आन् देव बसलाय हितं भाईर. उलटंच झालं की सगळं."

मला रडू आलं. मी उठून पाण्याची बाटली भरायला गेले. बाटली भरलेलीच होती.

*

रुद्रेशला मात्र त्या शब्दानं धीर आला होता. तो मुरुमहून येताना डबा आणायचा. कडक भाकरी, शेंगाची चटणी, भरली वांगी, दही. डबा रोज तसाच माझ्याकडं राहायचा. मी थोडं खायचे आणि उरलेलं दारावरच्या वॉचमनला द्यायचे.

"अक्का, स्टेबल म्हंजे चांगलंच की," तो म्हणाला. "आमच्या लाइनीत रोज चालतो ह्यो शब्द. भाव स्टेबल हाय म्हटलं का शेतकरी माल काढत न्हाय, व्यापारी घेत न्हाय. सगळे आपले बसून ऱ्हात्यात."

"आणि मग?"

"मंग काय, एक दिस पडतो न्हायतर चढतो."

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कळलं. चष्मा काढून पुसत बसला. आपण या शब्दावर किती विसंबतो बघा. लग्न ठरवताना मुलीकडचे विचारतात, मुलगा स्टेबल आहे का. म्हणजे नोकरी आहे का. टीव्हीवाले सांगतात सरकार स्टेबल आहे, म्हणजे या महिन्यात पडत नाही. कुणालाच पुढचं काही म्हणायचं नसतं. आजच्यापुरतं दार लोटून घ्यायचं असतं. मी इतकी वर्षं मुळं खणत बसले आणि वापराकडं नीट बघितलंच नाही असं त्या बाकड्यावर वाटायला लागलं.

"तू इंग्रजीत बोल त्यांच्याशी," रुद्रेश म्हणाला. "आमचं ऐकत न्हाईत. तुझं ऐकतील. त्यांच्या भाषेत सांग, लिंग आत जाऊ दे म्हणून."

मला ते पटलं, हे कबूल करायला हवं. मलाही वाटलं की मराठीत आपण पेशंटचे नातेवाईक असतो आणि इंग्रजीत जरा माणूस होतो. मी रात्रीतून वाक्यं जुळवली, सकाळी साडी बदलली आणि डॉक्टरांना त्यांच्या केबिनमध्ये गाठलं. चांगलं बोलले मी. अडखळले नाही. आमच्या धर्मात हे काय असतं, माझ्या आईसाठी ते काय आहे, हे आतलं दगडाचं आहे, धातूची डबी बाहेरच ठेवू, उकळलेल्या पाण्यात धुऊन देऊ, तुमच्याच निर्जंतुक पिशवीत घालून नुसतं तिच्या डाव्या हाताशी ठेवा. सगळं सांगितलं. शेवटी वडील जेवत नाहीत तेही सांगितलं.

डॉक्टरांनी मधेच तोडलं नाही. तरुण आहेत, चांगले आहेत, डोळ्यांखाली काळं झालेलं. ऐकून घेतलं आणि मराठीत म्हणाले, "मॅडम, मला कळतंय. पण आज तुमचं आत घेतलं की उद्या शेजारच्या बेडचा ताईत येतो, परवा कुणी अंगारा घेऊन येतं. आत सगळे अर्धमेले पेशंट आहेत, एकाला इन्फेक्शन झालं तर मी काय करू? कुणाला हो म्हणू आणि कुणाला नाही?"

मी इंग्रजीतलं पुढचं वाक्य शोधत होते.

"आई स्टेबल आहेत," ते म्हणाले. "वॉर्डात शिफ्ट केल्या की पहिल्या मिनिटाला घाला. मी स्वतः सांगतो सिस्टरला."

बरोबरच बोलत होते ना ते? त्यांचं काय चुकलं? चुकलं असतं तर मी भांडले असते, मला भांडता येतं. शाळेत माझ्या भांडणाला शिपायापासून हेडमास्तरपर्यंत सगळे दबकून असतात. पण समोरचा खरं बोलत असला की भांडायचं कशाशी? मी थँक्यू म्हणाले आणि बाहेर आले.

अप्पा बाकड्यावरून अर्धे उठले होते. "काय म्हणले?"

"वॉर्डात नेलं की घालू म्हणाले."

"कधी न्हेणार?"

"स्टेबल आहे म्हणाले."

अप्पा पुन्हा बसले. मग म्हणाले, "बरंय. मंग लिंग घाला म्हणतील तवा समजायचं, ती सुटली ह्या खोलीतून."

"हो अप्पा."

तेव्हापासून त्यांच्या मनात ते पक्कं झालं. वाट बघायची ती डॉक्टरच्या शब्दाची नाही, लिंगाच्या बोलावण्याची. त्यांनी मला मूळ, वापर काही विचारायचंच बंद केलं. दोरा जुना झालाय म्हणून रुद्रेशकडून नवा दोरा मागवला, पांढराशुभ्र, आणि एका हातानं आणि दातांनी तो डबीला बांधला. मी मदत करते म्हटलं तर म्हणाले, तुझं कपाटात असतंय ते आधी गळ्यात घाल. मी संध्याकाळी घरी जाऊन घातलं. दोरा टोचला. काढला नाही.

अप्पांचा आवाज बारीक होत चालला होता. उठताना भिंतीला धरायचे, उजव्या हातानं. दुधावर माणूस किती तगणार? मी विनवलं, रागावले, शेवटी बाकड्यावर शेजारी बसलेल्या बाईसमोर त्यांना म्हणाले, तुम्हालाही इथंच ॲडमिट करायचंय का मला? ते म्हणाले, "मला आत न्हेत असतील तर न्हेऊ देत. तेवढंच लिंग आत जाईल." त्या बाई हसल्या. मला हसू आलं नाही.

*

त्या सकाळी रुद्रेश डबा देऊन दुकान उघडायला मुरुमला परत गेला होता. बाजाराचा दिवस होता आणि अव्वा स्टेबल होती, तेव्हा मीच त्याला जा म्हटलं. अप्पा भिंतीला डोकं टेकून बसले होते. दार उघडलं आणि दैवशाला बाहेर आली.

"मॅडम, ते लिंग आणा. डॉक्टर हो म्हणालेत."

अप्पा उठले. भिंत न धरता उठले. "काय म्हणाली?"

"लिंग आणा म्हणाली, अप्पा."

"बघ," ते म्हणाले. "बघ, मी सांगितलं व्हतं का न्हाय?"

मी दैवशालाकडं बघत होते आणि ती माझ्या पायांकडं. नववीत उत्तर येत नसलं की ती अशीच खाली बघायची, हे मला तेव्हा आठवलं. वॉर्डाचं ती काही बोलली नव्हती. अप्पांना कळू नये म्हणून मी तिला हळूच इंग्रजीत विचारलं, इज शी स्टेबल? ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही जरा लवकर या."

पण अप्पा लवकर कसले येतात. ते नळापाशी गेले. डबी पहिल्यांदा माझ्या हातात दिली आणि हातपाय धुतले, तोंड धुतलं, कपाळाला विभूती ओढली, उपरणं झटकून नीट खांद्यावर घेतलं. ओल्या तोंडानं हसत होते. मला ओरडावंसं वाटत होतं, चला हो, चला लवकर. आणि का चला ते सांगता येत नव्हतं. डबी माझ्या हातात गरम होती, इतके दिवस त्यांच्या तळहातावर राहून.

आत आम्हाला हिरवे डगले घातले. अव्वा त्या कॉटवर लहानशी दिसत होती. नाकातोंडात नळ्या. डॉक्टर डोक्याशी उभे होते. त्यांनी अप्पांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी इंग्रजीत बोलले. हळू, एकेक शब्द. शी इज सिंकिंग, मॅडम. बीपी धरत नाहीये, औषधं चढवून बघितली, आता फार वेळ नाही. आय ॲम सॉरी. हे सगळं इंग्रजीत. मला वाटलं होतं की त्यांच्या भाषेत ते माझ्याशी बोलले तर बरं होईल. बोलले.

अप्पांचं आमच्याकडं लक्षच नव्हतं. त्यांनी डबी उघडून लिंग बाहेर काढलं, अव्वाचा डावा हात उलथा केला आणि तळहातावर ठेवलं. बोटं मिटेनात. त्यांनी एकेक बोट वळवून मिटवलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटवलं. शेवटी तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवून तशीच धरली आणि कानाशी वाकून नमः शिवाय म्हणायला लागले. मग कानडीत काहीतरी म्हणाले, उशीर झाला, रागावू नको, असं. दैवशालानं चिकटपट्टीचा तुकडा काढला आणि अव्वाची बोटं लिंगावर हलकेच बांधून दिली, पडू नये म्हणून. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"हात गरम हाय," अप्पा मला म्हणाले. "इंग्रजीत काय म्हणले गं डॉक्टर?"

डॉक्टर माझ्याकडं बघत होते. दैवशाला बघत होती. त्या खोलीत त्या वाक्याचा अर्थ अप्पांना सांगणारी मी एकटीच होते, आणि अप्पा माझ्याकडं शाळेतल्या पोरासारखे बघत होते, आज उत्तर बरोबर आलंय अशा तोंडानं.

"स्टेबल म्हणाले," मी म्हणाले.

"व्हय का."

"व्हय अप्पा."

"आजोबा, आता बाहेर बसा थोडं," दैवशाला म्हणाली. तिचा आवाज फुटला, पण अप्पांना ऐकायला कमी येतं.

मी थांबले. अव्वाच्या केसांवरून हात फिरवला. आत थांबावं की बाहेर जावं? मी आत थांबले तर अप्पाही थांबणार, आणि मशीनवरची ती हिरवी रेघ त्यांनाही वाचता येईल, तिला इंग्रजी लागत नाही. आणि अव्वा एकटी नव्हती. तिचा देव तिच्या मुठीत होता. मी अप्पांचा दंड धरून त्यांना बाहेर आणलं.

बाकड्यावर बसल्यावर त्यांनी आपला डावा हात उघडून बघितला. रिकामा. दोन-तीनदा मूठ मिटली, उघडली. मग म्हणाले, "आण गं त्यो डबा. आता जेवतो. लई भूक लागली."

मी डबा पुढं घेतला. झाकण निघेना. त्यांनीच काढलं. दोन्ही हातांनी कडक भाकरी मोडली आणि चटणीत दही कालवलं. पहिला घास घेतला तेव्हा डोळे मिटून घेतले. आमच्यात माणूस गेलं की माती होईपर्यंत घरात चूल पेटत नाही आणि कुणी जेवत नाही. अप्पा तर पुढं किती दिवस जेवले नसते देव जाणे. एवढं एक जेवण त्यांच्या पोटात जाऊ दे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दुसरं काही करण्यासारखं माझ्या हातात राहिलंच नव्हतं.

मी जरा लांब जाऊन रुद्रेशला फोन लावला. "ये," म्हणाले.

"का गं? स्टेबल हाय ना?"

"ये म्हणते ना."

 मागं बाजाराचा आवाज येत होता, कुणीतरी भाव पुकारत होतं. मग फोन बंद झाला.

मी परत आले तेव्हा आत पावलांची धावपळ ऐकू आली. दाराच्या काचेतून दैवशाला येताना दिसली. मास्क खाली होता, डोळे पुसत येत होती. मी पटकन दाराला पाठ लावून उभी राहिले आणि मागं हात नेऊन कडी धरली. आतून दार हललं. मी सोडलं नाही. तिला कळलं असावं. दार परत हललं नाही.

"वांगी अव्वासारखी झाल्यात," अप्पा म्हणाले. "सूनबाईला जमायला लागलं. तुझी अव्वा घरी आली का सांगतो तिला." 

"सांगा."

"तू का उभी? बस की."

"उभीच बरी आहे मी," मी म्हणाले. "तुम्ही जेवा अप्पा. अजून एक भाकरी आहे."